मुदत आठ वर्षांची, पण कधीपासून? थायलंडच्या प्रयुत प्रकरणाचा अभ्यास

सरकारप्रमुखाच्या कार्यकाळाला मर्यादा असावी का, ही चर्चा आपल्याकडे निघाली की दोन वाक्यांत अडकते. एक जण म्हणतो, लोक निवडून देतायत तोवर अडवणारे तुम्ही कोण? दुसरा म्हणतो, एकाच माणसाकडे सत्ता फार काळ राहिली की ती कुजते. नियम असावा की नसावा, एवढ्यावरच वाद थांबतो. तो नियम एखाद्याच्या अंगावर खरोखर आला तेव्हा काय झालं, हे फारसं कोणी बघत नाही. बघायचं तर थायलंडचं 2022 सालचं प्रकरण बघावं.

थायलंडच का? कार्यकाळाची मर्यादा बहुतेक ठिकाणी राष्ट्राध्यक्षाला असते: अमेरिका, मेक्सिको, फ्रान्स, दक्षिण कोरिया. संसदीय पद्धतीत पंतप्रधानाला अशी अट घालणारे देश अगदी थोडे. बहुमत गेलं की पंतप्रधान जातोच, मग वेगळी मुदत कशाला, असा तिथला युक्तिवाद. भारताने हाच मार्ग धरला. नेहरू 1947 ते 1964 सलग पंतप्रधान राहिले आणि राज्यघटनेत त्याला कुठलीच आडकाठी नव्हती. थायलंडने मात्र आठ वर्षांची अट घटनेत लिहिली, आणि एका पंतप्रधानाच्या बाबतीत ती आठ वर्षं भरत आली.

नियम कोणासाठी होता

दीर्घकाळ खुर्ची धरून बसलेले पंतप्रधान थायलंडला नवे नाहीत. फील्ड मार्शल फिबुन दोन खेपा मिळून जवळपास पंधरा वर्षं पंतप्रधान होते. जनरल प्रेम तिनसुलानोन 1980 ते 1988 अशी आठ वर्षं राहिले आणि त्यानंतर पुन्हा पद घ्यायला त्यांनी स्वतःच नकार दिला. पण या दोन सेनानींमुळे कोणी घटनेत मर्यादा लिहिली नाही. ती लिहिली गेली निवडून आलेल्या एका उद्योगपतीमुळे.

1997 च्या घटनेचा एक हेतू पंतप्रधान बळकट करणं हा होता, कारण आघाडीची सरकारं सारखी कोसळत होती. त्यामुळे पंतप्रधानावर अविश्वास ठराव आणायचा तर कनिष्ठ सभागृहातल्या 500 पैकी 200 सदस्यांच्या सह्या लागतील अशी तरतूद केली गेली. 2001 मध्ये दूरसंचार व्यवसायात गडगंज झालेले थाकसिन शिनावात्रा पंतप्रधान झाले. चार वर्षांची मुदत पूर्ण करणारे ते पहिले लोकनियुक्त पंतप्रधान. 2005 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने 500 पैकी सुमारे 375 जागा जिंकल्या. आता 200 सह्या आणायच्या कुठून? पंतप्रधानाला जाब विचारण्याचं संसदेतलं मुख्य साधनच विरोधकांच्या हातून गेलं. विरोध रस्त्यावर उतरला आणि 19 सप्टेंबर 2006 ला लष्कराने सत्ता घेतली.

पुढच्या वर्षी आलेल्या नव्या घटनेत अविश्वास ठरावाची अट सैल केली गेली आणि कलम 171 मध्ये एक नवी ओळ घातली गेली: पंतप्रधानाला सलग आठ वर्षांपेक्षा जास्त काळ पदावर राहता येणार नाही. ‘सलग’ हा शब्द म्हणजे पळवाटच होती. मध्ये काही महिने दुसऱ्याला बसवा, परत या. 2014 मध्ये पुन्हा उठाव झाला, तीही घटना गेली, आणि उठाव करणाऱ्यांनी नेमलेल्या समितीने मीचाय रुचुफान यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक घटना लिहिली. 2016 च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर सार्वमत झालं, विरोधी प्रचारावर कडक बंधनं असताना. ती 6 एप्रिल 2017 ला लागू झाली. या वेळी मसुदा समितीने पळवाट बुजवली. कलम 158 च्या चौथ्या परिच्छेदाचा आशय असा: कोणालाही पंतप्रधानपद एकूण आठ वर्षांपेक्षा जास्त काळ धारण करता येणार नाही, मग तो काळ सलग असो वा नसो, मात्र पद सुटल्यानंतर काळजीवाहू म्हणून घालवलेले दिवस यात धरायचे नाहीत.

समितीने या कलमाचा हेतूही लिहून ठेवला होता. राजकीय सत्तेची मक्तेदारी फार लांबू नये, कारण त्यातून राजकीय पेचप्रसंग उद्भवतो. डोळ्यासमोर थाकसिन होते हे उघड आहे.

आता परिच्छेद पुन्हा वाचा. सलग काळाचा विचार झालाय, तुटक काळाचा झालाय, अगदी काळजीवाहू दिवसांचाही झालाय. घटना लागू झाली त्या दिवशी जो माणूस आधीच पंतप्रधानाच्या खुर्चीत बसलेला होता, त्याचं काय, हे लिहिलेलं नाही.

तीन तारखा

तो माणूस म्हणजे प्रयुत चान-ओचा. लष्करप्रमुख असताना 22 मे 2014 ला त्यांनी उठाव केला. लष्करी राजवटीने स्वतःच नेमलेल्या विधिमंडळाने त्यांना त्याच वर्षी पंतप्रधान निवडलं आणि 24 ऑगस्ट 2014 ला राजाची मान्यता मिळाली. तिथून ते उठले नाहीत.

2017 ची नवी घटना आली तेव्हा कलम 264 या संक्रमणकालीन तरतुदीने त्यांचं मंत्रिमंडळ तसंच पुढे चालू राहिलं. आधीपासून पदावर असलेलं मंत्रिमंडळ हेच या घटनेखालचं मंत्रिमंडळ मानलं जाईल, असं ते कलम सांगतं. मार्च 2019 मध्ये निवडणूक झाली. 5 जूनला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत पंतप्रधान निवडायचा होता. नवी संसद इमारत बांधून व्हायची होती, म्हणून बैठक भरली एका दूरसंचार कंपनीच्या सभागृहात. एकेका सदस्याचं नाव पुकारायचं, त्याने उभं राहून उमेदवाराचं नाव घ्यायचं. निकाल लागायला मध्यरात्र होत आली. प्रयुत 500, विरोधकांचे उमेदवार थनाथोर्न 244. या 500 मध्ये 249 मतं सिनेटरांची होती. ते सगळे सिनेटर लष्करी राजवटीने नेमलेले, आणि त्यांच्यातलं एकही मत दुसरीकडे गेलं नाही. त्यांचे अध्यक्ष तेवढे तटस्थ राहिले. 9 जून 2019 ला प्रयुत यांची नव्याने नियुक्ती झाली.

म्हणजे एकाच माणसासाठी मोजणीच्या तीन सुरुवाती तयार झाल्या. 24 ऑगस्ट 2014 पासून मोजलं तर आठ वर्षं ऑगस्ट 2022 मध्ये भरतात. 6 एप्रिल 2017 पासून मोजलं तर एप्रिल 2025 मध्ये. 9 जून 2019 पासून मोजलं तर थेट जून 2027. माणूस तोच, घटनेतलं वाक्य तेच, आणि फरक जवळपास पाच वर्षांचा.

विरोधी पक्षांना हे आधीपासून दिसत होतं. जुलै 2022 मध्ये त्यांनी प्रयुत यांच्यावर अविश्वास ठराव आणला. 2019 नंतरचा तो चौथा, आणि तोही 256 विरुद्ध 206 असा पडला. लगेच ऑगस्टमध्ये कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष चुआन लीकपाय यांच्याकडे शंभर-सव्वाशे नव्हे, तर 170 हून अधिक खासदारांच्या सह्यांचा अर्ज गेला: पंतप्रधानांची मुदत संपली आहे की नाही, हे घटना न्यायालयाने ठरवावं. (चुआन स्वतः दोनदा पंतप्रधान राहिलेले. दोन्ही वेळा मिळून सुमारे सहा वर्षं. त्यांना या कलमाची भीती नव्हती.) 24 ऑगस्टला न्यायालयाने अर्ज दाखल करून घेतला आणि 5 विरुद्ध 4 मतांनी प्रयुत यांना निकाल लागेपर्यंत कामकाजापासून थांबवलं.

त्यांच्या जागी हंगामी पंतप्रधान झाले उपपंतप्रधान प्रवित वोंगसुवान, प्रयुत यांचे लष्करातले ज्येष्ठ. हेच प्रवित काही वर्षांपूर्वी महागड्या मनगटी घड्याळांमुळे गाजले होते. घड्याळं आपली नाहीत, एका दिवंगत मित्राकडून उसनी घेतलेली आहेत, असं त्यांनी सांगितलं आणि भ्रष्टाचारविरोधी आयोगाने ते मान्य केलं. प्रयुत मात्र घरी बसले नाहीत. संरक्षणमंत्रिपदही त्यांच्याकडेच होतं आणि न्यायालयाने थांबवलं होतं ते फक्त पंतप्रधान म्हणून. ते संरक्षण मंत्रालयात जाऊन बसले.

पाचशेवी बैठक

या प्रकरणातला सगळ्यात रंजक कागद म्हणजे मसुदा समितीच्या 500 व्या बैठकीचं इतिवृत्त. तारीख 7 सप्टेंबर 2018. तेव्हा आठ वर्षांचा प्रश्न पेटलेला नव्हता, त्यामुळे बोलणारे मोकळेपणाने बोललेले दिसतात. घटना लागू होण्याआधीपासून पंतप्रधान असलेल्या माणसाचा आधीचा काळ या आठ वर्षांत धरायचा का, असा विषय तिथे निघाला. अध्यक्ष मीचाय आणि उपाध्यक्ष सुपोत खायमुक या दोघांच्या बोलण्याचा रोख असा, की कलम 264 ने जुनं मंत्रिमंडळ नव्या घटनेखाली आणलं आहे, तेव्हा त्याचा आधीचा काळही धरला पाहिजे. ज्यांनी कलम लिहिलं, त्यांनीच त्याचा अर्थ सांगितला. विरोधकांना याहून भक्कम पुरावा काय हवा होता?

पण 2022 मध्ये न्यायालयाने मीचाय यांच्याकडे लेखी मत मागितलं, तेव्हा त्यांचं उत्तर वेगळं होतं. मोजणी 6 एप्रिल 2017 पासून करावी, असं त्यांनी लिहिलं. इतिवृत्त नीट नोंदलं गेलेलं नाही, असंही म्हटलं. ते पत्र निकालाआधीच बाहेर फुटलं आणि बँकॉकमध्ये निकाल काय लागणार, याची कुजबुज तिथेच थांबली.

30 सप्टेंबर 2022 ला निकाल आला, 6 विरुद्ध 3. प्रयुत यांची आठ वर्षं 6 एप्रिल 2017 पासून मोजायची, सबब त्यांची मुदत संपलेली नाही. पाचशेव्या बैठकीबद्दल न्यायालय म्हणालं, की ती चर्चा घटना लागू झाल्यानंतरची आहे, दोन व्यक्तींचं मत आहे, घटना लिहिताना नोंदलेला हेतू नव्हे. आणि मुख्य मुद्दा, हक्कावर बंधन घालणारा नियम मागे नेऊन लावता येत नाही.

निकालाला सरळ हास्यास्पद म्हणणं सोपं आहे, पण मी तसं म्हणणार नाही. पूर्वलक्षी बंधन नको, हे तत्त्व कुठल्याही चांगल्या न्यायालयात मान्य होईल. एखादा कायदा आज केला आणि त्याने तुमच्या कालच्या वागण्याचा हिशेब आजच्या नियमाने लावला, तर आपणही तक्रार करू. पण इथे शिक्षा नव्हती. पद हा कोणाचा हक्क नाही, आणि मुदतीची मर्यादा हा दंड नाही. समितीनेच लिहिलेला हेतू होता, सत्ता फार काळ एकाकडे राहू नये. त्या हेतूच्या दृष्टीने 2014 ते 2017 या काळात प्रयुत यांच्या हातात सत्ता कमी होती की जास्त? ती तर सगळ्यात निरंकुश वर्षं. निवडणूक नाही, विरोधी पक्ष नाही, राजवटीच्या प्रमुखाच्या हुकमाला कायद्याची ताकद. जी वर्षं आधी धरायला हवीत, नेमकी तीच वजा झाली.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. 2014 मध्ये जी घटना फाडली गेली, तिच्यातही आठ वर्षांची अट होतीच. म्हणजे पंतप्रधानाला आठ वर्षं ही कल्पना प्रयुत यांच्यासाठी 2017 मध्ये आकाशातून पडलेली नव्हती. त्यांनी जुनी घटना रद्द केली, आपल्याच माणसांकडून नवी लिहून घेतली, आणि त्या दोन्हींच्या मधली पोकळी त्यांच्याच फायद्याची ठरली. हा अर्थ मान्य केला तर दर नव्या घटनेबरोबर मीटर शून्यावर येतो, आणि घटना बदलण्याची ताकद ज्याच्याकडे तो कायम नवा कोरा उमेदवार.

हे फक्त थायलंडचं नाही

ही युक्ती जगभर दिसते, आणि ती बहुतेकदा न्यायालयाच्या दारातूनच येते. पेरूमध्ये 1996 ला अध्यक्ष फुजिमोरी यांच्या समर्थकांनी संसदेत चक्क घटनेचा ‘अधिकृत अर्थ’ सांगणारा कायदा केला: 1993 च्या घटनेआधीचा त्यांचा कार्यकाळ मोजायचा नाही. बुर्किना फासोमध्ये 2005 ला अध्यक्ष कॉम्पाओरे यांना, सेनेगलमध्ये 2012 ला अध्यक्ष अब्दुलाय वाद यांना याच धर्तीवर परवानगी मिळाली. अब्दुलाय वाद यांना मग मतदारांनीच पाडलं.

दुसऱ्या बाजूला, मोजणी आधीच लिहून ठेवणारे देशही आहेत. अमेरिकेची 1951 ची बाविसावी घटनादुरुस्ती रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर झाली. ती वाचली तर ती तत्त्वज्ञान कमी आणि अंकगणित जास्त आहे. दुसऱ्याच्या कार्यकाळातली दोन वर्षांपेक्षा जास्त वर्षं भोगली असतील तर पुढे एकदाच निवडून येता येईल. दुरुस्ती मांडली गेली तेव्हा पदावर असलेल्या अध्यक्षाला, म्हणजे ट्रुमन यांना, ती लागू नाही. सवलत द्यायची तर नाव न घेता पण स्वच्छ शब्दांत दिली. पुढे कोणाला कोर्टात जाऊन विचारायची वेळ आली नाही.

श्रीलंकेचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. 2010 मध्ये महिंद राजपक्षे यांनी अठराव्या दुरुस्तीने दोन कार्यकाळांची मर्यादाच काढून टाकली. 2015 च्या जानेवारीत ते हरले, मैत्रिपाल सिरिसेना आले आणि एकोणिसाव्या दुरुस्तीने मर्यादा परत आणली, शिवाय अध्यक्षाची मुदत सहा वर्षांवरून पाचवर आणली. मग सिरिसेनांनाच मोह झाला. आपण तर सहा वर्षांसाठी निवडून आलो होतो, तेव्हा आपली मुदत पाच की सहा, असं त्यांनी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला विचारलं. न्यायालयाने सांगितलं, पाच. हे उत्तर देणं सोपं गेलं, कारण दुरुस्तीतच लिहिलेलं होतं की सध्याचे अध्यक्ष आणि पंतप्रधान यापुढे दुरुस्त झालेल्या घटनेच्या अधीन राहून पदावर राहतील.

एवढ्यावरून नीट लिहिलं की झालं, असं वाटेल. बोलिव्हिया ते खोटं पाडतं. तिथल्या 2009 च्या घटनेत स्पष्ट शब्दांत तरतूद होती, की या घटनेआधीचे कार्यकाळ मोजणीत धरले जातील. तरीही 2013 मध्ये घटना न्यायालयाने अध्यक्ष एवो मोरालेस यांचा पहिला कार्यकाळ वगळला, कारण म्हणे राष्ट्राची नव्याने स्थापना झाली होती. पुढे पुन्हा उभं राहू द्यावं यासाठीचं 2016 चं सार्वमत मोरालेस हरले, तर 2017 मध्ये त्याच न्यायालयाने मुदतीची मर्यादाच मानवी हक्कांच्या आड येते असा निकाल दिला. साखर कारखान्याच्या गेटवर उसाचा भाव कितीही ठळक लिहिलेला असो, वजनकाटा कोणाच्या ताब्यात आहे हे शेतकरी आधी विचारतो. तसंच हे.

थायलंडच्या काट्याकडे बघा. 2008 मध्ये याच न्यायालयाने पंतप्रधान समाक सुंदरवेज यांना पदावरून काढलं, कारण ते टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करत आणि त्याचे पैसे घेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पक्षच विसर्जित झाल्याने सोमचाय वोंगसावात गेले. 2014 मध्ये एका अधिकाऱ्याच्या बदलीवरून यिंगलक शिनावात्रा गेल्या. 2024 मध्ये तुरुंगवास भोगलेल्या व्यक्तीला मंत्री केलं म्हणून स्रेथा थाविसिन गेले, आणि 2025 मध्ये कंबोडियाच्या हुन सेन यांच्याशी झालेल्या फोनवरच्या संभाषणावरून पेतोंगतार्न शिनावात्रा. प्रयुत यांच्याविरुद्धची प्रकरणं मात्र एकामागून एक फेटाळली गेली. निवृत्तीनंतरही लष्कराच्या घरात राहिल्याबद्दलचं 2020 चं प्रकरणही त्यात आलं. 2022 मधले बहुतेक न्यायाधीश लष्करी राजवटीने नेमलेल्या विधिमंडळाच्या किंवा सिनेटच्या मान्यतेने आलेले होते. न्यायालयातल्या तिघांनी प्रयुत यांच्या विरोधात मत दिलं हेही खरं, आणि ते नोंदलं पाहिजे.

आपल्याकडच्या वाचकाला त्या निकालाच्याच महिन्यातली एक गोष्ट आठवेल. प्रयुत निकालाच्या सोळा दिवस आधी, 14 सप्टेंबर 2022 ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळाच्या घटनेतल्या बदलाला परवानगी दिली. लोढा समितीनंतरचा नियम असा होता, की राज्य संघटना आणि मंडळ मिळून सलग सहा वर्षं पद भोगलं की तीन वर्षं घरी बसायचं. बदल झाला तो मोजणीत. राज्याची सहा वर्षं वेगळी, मंडळाची सहा वेगळी. नियम कागदावर राहिला आणि एका पदाधिकाऱ्याची सलग बारा वर्षांची सोय झाली. क्रिकेट मंडळ म्हणजे सरकार नव्हे, पण मर्यादा न हटवता लांबवायची कशी, याचा हा घरचा नमुना.

मग मर्यादेचा उपयोग झाला की नाही?

इथे माझं मत बऱ्याच थाई टीकाकारांपेक्षा थोडं वेगळं पडतं. निकालानंतर कलम 158 मेलं असं म्हटलं गेलं. ते मेलं नव्हतं. न्यायालयाने प्रयुत यांना वाचवलं, पण त्याच निकालाने त्यांच्या कपाळावर 6 एप्रिल 2025 ही तारीखही लिहिली. 2027 नाही.

तिचा परिणाम लगेच दिसला. पुढची निवडणूक मे 2023 मध्ये होती. प्रयुत निवडून आले तरी जेमतेम दोन वर्षं पंतप्रधान राहणार, हे प्रत्येक मतदाराला आणि मुख्य म्हणजे त्यांच्या प्रत्येक सहकाऱ्याला ठाऊक होतं. ज्याच्या जाण्याची तारीख ठरली, त्याच्यामागे राजकारणात कोण किती उभं राहतं? उठावापासून प्रयुत, प्रवित आणि अनुपोंग हे तीन माजी लष्करप्रमुख एकत्र होते. आता प्रवितना स्वतः पंतप्रधान व्हायचं होतं. सत्ताधारी पलांग प्रचारत पक्ष त्यांच्याकडे राहिला आणि प्रयुत 2023 च्या सुरुवातीला दुसऱ्याच एका नव्या पक्षात गेले. 2019 मध्ये एकसंध पक्षाने शंभराच्या वर जागा घेतल्या होत्या. 14 मे 2023 ला प्रवित यांच्या पक्षाला 40 आणि प्रयुत यांच्या पक्षाला 36 मिळाल्या. मूव्ह फॉरवर्ड हा विरोधी पक्ष 151 जागा घेऊन पहिला आला. जुलैमध्ये प्रयुत यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली.

पराभवाचं सगळं श्रेय मर्यादेला देता येणार नाही. लोक कंटाळले होते, 2020 पासून तरुण रस्त्यावर होते, कोविडमध्ये पर्यटन बुडालं होतं. पण लष्करी गटात जी फूट पडली, तिची वेळ आणि तिचं कारण यात त्या तारखेचा वाटा नक्की आहे. उत्तराधिकारी कोण, हा प्रश्न दीर्घकाळ सत्तेत असलेला नेता सहसा उच्चारूच देत नाही. मर्यादेने तो उच्चारायला लावला.

एवढं करून सत्ता कोणाकडे गेली? पहिल्या आलेल्या मूव्ह फॉरवर्डचे नेते पिता लिमचारोएनरात यांना त्याच नेमलेल्या सिनेटने अडवलं. प्रयुत गेले, पण ज्या सिनेटरांनी त्यांना 2019 मध्ये आणलं, ते जागेवरच होते. त्यांना आठ वर्षांची अट नव्हती. त्यांची पाच वर्षं वेगळी मोजली जात होती. म्हणून संसदीय देशात पंतप्रधानाच्या मुदतीवर बोलताना मला आधी दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: त्याला मधेच घालवण्याचा रस्ता उघडा आहे का? थाकसिन यांच्या काळात 200 सह्यांच्या अटीने तो बंद झाला, प्रयुत यांच्या काळात नेमलेल्या सिनेटमुळे आत येण्याचा रस्ताच एकाच्या सोयीचा झाला. रस्ता उघडा असेल तर आठ वर्षांची अट नसली तरी चालू शकतं. बंद असेल तर अट हवी, पण तेव्हाच ती मोजणाऱ्याच्या मर्जीवर सगळ्यात जास्त अवलंबून असते. या पेचातून सुटायचा सोपा मार्ग मला दिसत नाही.

आपल्या शेजारी हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. पाकिस्तानात मुशर्रफ यांनी 2002 मध्ये दोनदा पंतप्रधान झालेल्यांना तिसऱ्यांदा बंदी केली. बेनझीर आणि नवाझ शरीफ दोघेही दोनदा होऊन गेलेले असल्याने रोख कोणावर होता हे सांगायला नको. 2010 च्या अठराव्या दुरुस्तीने ती बंदी उठली आणि 2013 मध्ये शरीफ तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. बांगलादेशात शेख हसीना दोन खेपांत मिळून वीस वर्षं पंतप्रधान होत्या. त्या सत्तेवरून गेल्यानंतर 2025 मध्ये सुधारणांच्या वाटाघाटीत, एका माणसाला आयुष्यात दहा वर्षांपेक्षा जास्त पंतप्रधानपद नको, यावर पक्षांमध्ये सहमती झाली. दहा हा आकडा ठीकच आहे. पण त्या कलमात आणखी निदान तीन वाक्यं लागतील: ही दुरुस्ती होण्याआधीची वर्षं धरायची की नाही, काळजीवाहू आणि हंगामी दिवसांचं काय करायचं, आणि पुढे कधी घटनाच नवी आली तर आधीचा हिशेब तसाच पुढे न्यायचा. बँकॉकच्या समितीने यातलं मधलं तेवढं लिहिलं होतं.